पाण्याचा पत्ता

रात्री साडेआठच्या सुमारास स्वयंपाकघरातून तीनदा बारीक बीप ऐकू आली आणि मग सगळे शांत झाले. आत जाऊन पाहिले तर डिशवॉशरच्या काळ्या पट्टीवर, एरवी उरलेली मिनिटे दिसतात त्या जागी, 'ई' आणि त्यापुढे दोन आकडे लुकलुकत होते. दार उघडले. भाताचा गंज, वरणाची डेचकी, सहा ताटे, वाट्या, झारा, सगळे जसे लावले होते तसेच होते. गंजाच्या कडेला चिकटलेली शिते तशीच वाळत होती. आत पाण्याचा थेंब नव्हता.

आई मागे येऊन उभी राहिली. "काय म्हणते ते?"

"काही म्हणत नाही. आकडा दाखवते."

"मंग आकडा वाच ना, बाबू."

आईच्या या एका वाक्याने मला बाबांच्या आगारात नेऊन उभे केले.

बाबांची सारी नोकरी वनखात्याच्या लाकूड आगारात गेली. आलापल्लीत वाढलेल्या माणसाला साग ओळखायला शिकवावे लागत नाही. इथल्या दारा-खिडक्यांत साग आहे आणि आरागिरणीच्या भुशाच्या वासातही सागच आहे. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी याच जंगलातला साग बल्लारपूरहून वाजतगाजत निघाला, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांना आपलेच कोणी सासरी निघाल्यासारखे वाटले होते. लहानपणी मी बाबांचा डबा घेऊन आगारात जायचो. ओळीने लावलेल्या थप्प्यांमध्ये प्रत्येक लठ्ठ्याच्या तोंडावर हातोड्याने उठवलेला ठसा असे आणि रंगाने लिहिलेले आकडे असत. तोडीचा कूप कोणता, नग कितवा, लांबी किती, गोलाई किती. बाबा ते धावत्या नजरेने वाचत. मला वाटे, बाबांना त्या आकड्यांतून लाकडाचे सगळेच कळते.

एकदा मी विचारले, "यातून लठ्ठा पोकळ आहे का तेही कळते?" बाबांनी मान हलवली. ते म्हणाले, "आकडा म्हणजे पत्ता. माणूस घरात कसा आहे ते पत्ता सांगत नाही. त्यासाठी दार वाजवावे लागते." मग हातातल्या हातोडीने त्यांनी लठ्ठ्याच्या तोंडावर दोन ठोके दिले आणि कान जवळ नेला. भरीव लाकूड टणकन बोलते आणि पोकळ लाकूड ढब वाजते. त्या दिवशी मी दोन्ही आवाज ऐकले.

त्या रात्री पट्टीवरचा आकडा पाहताना मला हेच आठवले. माहितीपुस्तिका काढली. आकड्यापुढे लिहिले होते: पाणी येत नाही. हा झाला पत्ता. आता दार वाजवायचे होते.

हे यंत्र आमच्या घरी आले त्याची सुरुवातही एका यंत्राच्या नकारानेच झाली होती. आईला बाबांचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या वर्षी छोट्या काचेवर तिने अंगठा ठेवला आणि पडद्यावर अक्षरे आली: ठसा जुळत नाही. दुसरा अंगठा ठेवला, मग तर्जनी ठेवली. पुसून, कोरडे करून, पुन्हा दाबून पाहिले. ठसा जुळेना. समोरचा मुलगा चांगला होता. तो म्हणाला, "आजी, हात लई घासले जी तुमचे." मी आईचा हात उजेडात धरला. बोटांच्या टोकांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या आणि अंगठ्याच्या बाजूला भेगा होत्या. त्यातल्या दोन ओल्या होत्या. रोज त्याच हाताने ती मला चहा देत होती. त्या भेगांवरचे हळदीचे पिवळे डाग मी रोज पाहिले होते, पण हळद कशासाठी लावली आहे हे एकदाही विचारले नव्हते.

डॉक्टरांनी मलम दिले आणि साबणाच्या पाण्यापासून हात दूर ठेवायला सांगितले. पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलीने महिन्याभरात हे मशीन पाठवून दिले. आईने पहिले दोन महिने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. धुऊन निघालेले प्रत्येक ताट ती खिडकीपाशी नेऊन तिरपे धरून बघायची आणि पाठीमागून बोट फिरवायची. मग एक दिवस बघणे थांबले. त्यानंतर चारच महिन्यांनी, भर पावसाळ्यात, हा आकडा आला.

मदतीच्या क्रमांकावर फोन केला. तक्रार नोंदवली गेली, पण माणूस यायला वेळ लागणार होता. चंद्रपूर इथून शंभर किलोमीटरच्या पुढे आहे आणि पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा देता येत नाही. पलीकडे भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढले की सारा तालुका तुटायचा. त्या मानाने आमची अडचण फारच लहान होती. मी स्वतःच बघायचे ठरवले.

आधी हे यंत्र पाण्याला कसे ओळखते ते समजून घेतले. त्याला पाणी दिसत नाही. पाणी आत येण्याच्या वाटेवर एक चिमुकली चक्री असते. धार आली की ती फिरते, आणि यंत्र तिचे फेरे मोजून किती पाणी आले ते ठरवते. ठरलेल्या वेळात फेरे पुरे झाले नाहीत की ते वाट बघणे सोडते, झडप बंद करते आणि आकडा दाखवते. म्हणजे 'पाणी येत नाही' याचा खरा अर्थ 'मला हवे तेवढे फेरे मिळाले नाहीत' एवढाच. पाणी अजिबात नसेल, कमी असेल किंवा वाटेत अडकले असेल, तिन्हींना आकडा एकच.

मग सोप्याकडून अवघडाकडे निघालो. आधी प्लग काढला, कारण वीज आणि पाणी एकत्र असेल तिथे पहिला हात प्लगला लागला पाहिजे. तोटी पुरती उघडी होती. पाइप मागे दबला किंवा मुरडला नव्हता. मग तोटी बंद करून पाइपचे तिकडचे टोक सोडवले. त्यात नखाएवढी एक गोल जाळी असते. चिमट्याने ती बाहेर काढली, दिव्याखाली धरली आणि आईला हाक मारली.

जाळीचे एकही छिद्र दिसत नव्हते. तिच्यावर विटकरी रंगाचा मऊ, साईसारखा थर बसला होता. बोटाला लागला तो कुंकवासारखा.

"गंज," आई म्हणाली.

आमच्याकडे गंज म्हणजे भात शिजवायचे उभे भांडे, आणि लोखंडाला चढतो तोही गंजच. त्या रात्री एका गंजाने दुसऱ्याला अडवून धरले होते. आमच्या बोअरचे पाणी उपसताना काचेसारखे नितळ येते. पण त्यात लोखंड विरघळलेले असते. जमिनीखाली हवा लागत नाही तोवर ते दिसत नाही. टाकीत येऊन हवा लागली की त्याचा गंज होतो आणि हळूहळू तळाशी बसतो. टाकी उपसत आली की तो तळ हलतो आणि पाइपात उतरतो. इकडे सुरजागडच्या डोंगरातल्या लोखंडाची चर्चा देशभर होते, पण आपल्या घरच्या घागरीतल्या लोखंडाकडे आपण पांढऱ्या कपड्यावर डाग पडेपर्यंत बघत नाही. जाळी अर्धा तास लिंबाच्या पाण्यात ठेवली, जुन्या ब्रशने हलकेच घासली. छिद्रे मोकळी झाली. पाइप जोडला, बटण दाबले. आत पाणी शिरल्याचा सळसळता आवाज आला तेव्हा आईने डोळे मिटून तो ऐकला.

तीन दिवस सगळे ठीक चालले. चौथ्या संध्याकाळी तोच आकडा पुन्हा आला. जाळी काढून पाहिली, ती स्वच्छ होती.

आजार एकदा बरा झाल्यावर पुन्हा उलटला की वैद्य आणि रोगी दोघांचाही धीर सुटतो. त्या आठवड्यात मी ज्या बाईंविषयी वाचले त्यांनी मला धीर दिला. जोसेफिन कॉक्रेन, अमेरिकेतल्या शेल्बीव्हिल गावच्या. घराण्यातली जुनी चिनी मातीची भांडी धुताना त्यांचे कपचे उडत, म्हणून त्यांनी भांडी धुणारे यंत्र करायचे मनावर घेतले. नवरा वारला आणि पाठीमागे कर्ज राहिले, तेव्हा हौसेची गोष्ट पोटापाण्याची झाली. त्यांनी ताटे-वाट्यांची मापे घेतली, तारांचे कप्पे केले, ते एका चाकावर बसवून तांब्याच्या मोठ्या भांड्यात ठेवले आणि साबणाचे गरम पाणी जोराने त्यांच्यावर सोडले. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळाले. त्यांच्याआधीच्या काही लोकांनी घासणाऱ्या ब्रशांवर भर दिला होता. या बाईंनी ओळखले की घासायचे काम पाण्याच्या जोराकडूनच करून घेता येईल. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या यंत्राला पारितोषिक मिळाले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत त्या सप्टेंबरात स्वामी विवेकानंद बोलले होते.

पण मला थांबवले ते पुढच्या गोष्टीने. त्यांची यंत्रे हॉटेलांनी घेतली, घरांत मात्र ती लवकर पोहोचली नाहीत. घरांमध्ये तेवढे गरम पाणी तापवायची सोय नव्हती आणि कितीतरी ठिकाणी पाणी जड होते, त्यात साबणाला फेस येत नसे. यंत्र तयार होते, पण घरचे पाणी तयार नव्हते. ते वाचले आणि माझी नजर पहिल्यांदा यंत्रावरून उठून छताकडे गेली.

नेमक्या त्याच सुमारास आई म्हणाली, "सकाळी बरोब्बर चालते न् संध्याकाळीच अडते. पाहून रायला का तू?"

मी पाहिले नव्हते. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या दिवसापासून खुणा करायला लागलो. आठवडाभरात दिसले की सकाळी लावलेले मशीन एकदाही अडले नव्हते. सगळे आकडे संध्याकाळी साडेसात ते नऊच्या मधले होते.

"तुला कसे कळले?"

"संध्याकाळची धार बारीक असते ना. वीस वर्सं त्याच तोटीखाली भांडे घासले मी. म्हणून तर मोठाले गंज सकाळसाठी ठेवत होती."

तिने ही गोष्ट तक्रार म्हणून कधी सांगितली नव्हती. धार बारीक असते तर गंज सकाळी घासायचा, एवढीच तिची वजाबाकी होती. पुस्तिकेत जे चार कारणांतले शेवटचे कारण म्हणून छापले होते, ते तिच्या मनगटाला वीस वर्षांपासून ठाऊक होते. मी पत्ता वाचत बसलो होतो. त्या घरात आयुष्य काढलेले माणूस माझ्या शेजारीच उभे होते.

मग मोजमाप सुरू केले. दहा लिटरची बादली तोटीखाली लावली. पहाटे बोअर चालून टाकी भरल्यावर ती पावणेदोन मिनिटांत भरली. संध्याकाळी सव्वादोन लागली, आणि न्हाणीतला नळ सुरू असताना तीन. टाकीच्या बुडापासून मशीनच्या झडपेपर्यंत दोरीला दगड बांधून ओळंबा सोडला. तीन मीटर दहा सेंटिमीटर.

उत्तर तिथे होते. पाण्याला जोर येतो तो उंचीतून. दहा मीटर उंचीवरचे पाणी साधारण एक बार दाब देते. पुस्तिकेत किमान अर्धा बार मागितला होता, म्हणजे पाच मीटर. आमचे घर एका मजल्याचे आणि टाकी थेट स्लॅबवर टेकलेली. पुरती भरली तरी चार मीटरच्या आसपास दाब मिळायचा आणि उतरली की तीन. पुस्तिकेचे माप आम्ही सकाळीही गाठत नव्हतो. सकाळी यंत्र कसेबसे निभावून नेत होते आणि संध्याकाळी कुणी हातपाय धुवायला गेले की अडत होते. बहुमजली इमारतीत खालच्या घरांना ही अडचण सहसा येत नाही, कारण डोक्यावर चार मजले पाणी असते. शहरातल्या घरासाठी कुणीतरी हिशेब केला होता, आणि आमचे घर त्या हिशेबाला एक-दोन मीटर बुटके पडले होते.

लहानपणी बाबा आम्हाला वनवैभवात घेऊन जायचे. आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर सहा हेक्टरांचा तो जंगलाचा तुकडा जसाच्या तसा राखून ठेवला आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. तिथल्या सागाखाली मान मागे टाकून उभे राहिले की शेंडा दिसेपर्यंत टोपी पडते. तीसेक मीटर उंच झाड, आणि त्याच्या टोकाच्या पानापर्यंत पाणी पोहोचते. मोटार नाही, टाकी नाही. पानातून वाफ सुटते आणि ती खालच्या पाण्याचा धागा न तुटता वर ओढत राहते. झाड वरून ओढते, आपल्याला वरून सोडावे लागते. तेवढ्यासाठी मला अवघे दोन मीटर हवे होते.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात उघडीप मिळाली तेव्हा वेल्डर आला. मी दोन मीटर उंचीचा लोखंडी अँगलचा स्टँड सांगितला. त्याने आधी टाकीवर हात ठेवून विचारले, "किती लिटरची जी, गुरुजी?" हजार म्हटल्यावर तो स्लॅबवर फिरला आणि टाच आपटत राहिला. "हजार लिटर म्हणजे एक टन वजन होते जी. मधात नोका ठेवू. पाय भिंतीवर येऊ द्या." खाली जिथे भिंती एकमेकींना मिळतात त्या चार जागा त्याने खडूने आखल्या, पायांना आडवे-तिडवे आधार जोडले आणि खाली रुंद पत्रे दिले. टाकी रिकामी केली तेव्हा बुडाशी बोटभर लाल चिखल निघाला. तो धुऊन काढला, आणि खाली उतरणाऱ्या पाइपाचे तोंड टाकीच्या बुडापासून चार बोटे वर घेतले, म्हणजे बसलेला गाळ खाली उतरणार नाही.

त्या संध्याकाळी बादली सव्वा मिनिटात भरली. न्हाणीतला नळ मुद्दाम सुरू ठेवून मशीन लावले. दोघे स्टूल घेऊन समोर बसलो. पाणी शिरले, थांबले, आत कारंजी फिरू लागली. आकडा आला नाही.

आई आता कधी कधी तिच्या सासूविषयी बोलते. त्या चुलीतली राख चाळून ठेवत आणि नारळाच्या शेंडीने भांडी घासत. लाकडाच्या राखेत क्षार असतो आणि तो तेलकटपणा तोडतो. यंत्रात टाकतो त्या वडीतही मुख्य काम क्षारच करतो. फरक इतकाच की त्या वडीचा क्षार आणि साठ-पासष्ट अंशांचे पाणी हाताला सोसवत नाही, म्हणून ते स्टीलच्या बंद पेटीत चालते. जे आईच्या हातांनी सोसायचे नव्हते ते थोडेथोडे करून त्यांनी पन्नास वर्षे सोसले होते. काही गोष्टी अजूनही त्या पेटीत जात नाहीत. ॲल्युमिनियम काळे पडते. पितळेची झळाळी जाते. बाबांनी आणलेल्या सागाच्या लाकडाचा पोळपाट त्या गरम पाण्यात तडकेल. तेवढे मी धुतो. देवाचा तांब्या मात्र ती चिंच लावून स्वतः घासते, आणि तिथे मी मधे पडत नाही.

गेल्या नोव्हेंबरात पुन्हा हयातीचा दाखला द्यायचा होता. उजवा अंगठा जुळला नाही, डावाही नाही. मुलाने एकेक बोट ठेवायला सांगितले. डाव्या अनामिकेला हिरवा दिवा लागला. आईने ते बोट वर करून नीट पाहिले आणि मग मला दाखवले. तिच्या सगळ्या बोटांत भांड्याला सर्वांत कमी लागणारे ते बोट होते. अंगठ्यावर रेषा पुन्हा उमटू लागल्या आहेत, पण अजून पुसट आहेत.

घरी आल्यावर मी ओट्याखालच्या कपाटाचे दार उघडले आणि आतल्या बाजूला खडूने लिहिले: जाळी धुतली तो दिनांक, टाकी धुतली तो दिनांक, टाकीची उंची, बादली भरायला लागलेली मिनिटे. चारच ओळी. मी घरी नसताना, किंवा मी नसेन तेव्हा, त्या पट्टीवर पुन्हा आकडा लुकलुकला तर जो कुणी इथे वाकून बसेल त्याला पाण्याचा पत्ता मिळावा म्हणून. आईने चष्मा लावून ओळी वाचल्या. मग माझ्या हातातून खडू घेतला आणि खाली पाचवी ओळ लिहिली: संध्याकाळी धार पाहा.